छेदस्थानी

बॅरोमध्ये वाऱ्याला सुट्टी नसते.
खिडकीच्या फटीत जुन्या साडीची चिंधी कोंबलीय
आणि टेबलावर चौकडीची वही.
डाव्या पानावर गॅसचं बिल,
उजव्या पानावर कंपनी:
भाव, दर शेअरमागे कमाई,
आणि लाभांश, वीस वर्षांत एकदाही न चुकलेला.
बँकेतला मुलगा म्हणाला, "मिसेस खांबेटे,
उतारवयाला असाच शेअर हवा. झोप लागते."

विद्याधर याच कंपनीच्या गोदीत
एकतीस वर्षं वेल्ड तपासत होता.
पाणबुडीच्या पोटात ओणवा होऊन
केसाएवढी भेग शोधायचा टॉर्चनं.
त्या पोटात पुढे काय भरतात
ते त्यानं घरी कधी काढलं नाही.
मीही विचारलं नाही.
डबा मात्र रोज विचारून भरायचे,
पोळी की सँडविच.

आता त्याचं पेन्शन अर्ध्यावर आलंय.
म्हणून हा हिशोब,
शाळेत सातवीला शिकवायचे तसा, पायरी न गाळता.
लाभांश भागिले भाव: तीन पूर्णांक दोन टक्के.
लाभांश भागिले कमाई: निम्म्याहून कमी,
म्हणजे ओढाताण करून वाटत नाहीत.
कर्ज बेताचं.
हातात ऑर्डरी सहा वर्षं पुरतील एवढ्या.
गिऱ्हाइकं सगळी सरकारं, उधारी बुडवत नाहीत.
आलेख काढला
तेव्हा दिसलं तो कुठल्या आठवड्यांत उभा चढलाय.
त्या आठवड्यांना तारखा लावायची गरज पडली नाही.
त्यांची नावं पाठ आहेत मला.
ती शहरांची नावं आहेत.

अपूर्णांकाला आपल्याकडे वर अंश असतो, खाली छेद.
इथल्या मुलांना मी शिकवलं,
वरचा आकडा, खालचा आकडा,
आणि दर वेळी वाटायचं
काहीतरी सांगायचं राहतंय.

आज लाभांश हा शब्द पहिल्यांदाच फोडून लिहिला.
लाभ. अंश.
त्याच्याखाली रेघ ओढली, पट्टीनं.
पेन्सिल रेघेखाली आली
आणि नुसतीच थांबली.

तेवढ्यात मागच्या दारानं डोरीन पोसलथ्वेट,
हातात रुबार्बची जुडी, ओल्या कागदात.
तिनं उभ्या उभ्याच वही वाचली. लाजली वगैरे नाही.
"घेऊन टाक," म्हणाली.
"आमचा कीरन तिथंच लागला ना परवा, शिकाऊ म्हणून.
नव्वदच्या सुमारास ऑर्डरी आटल्या होत्या,
तेव्हा या गल्लीत नऊ घरांचे पडदे
भर दुपारी ओढलेले असायचे.
आमच्या रॉननं टूलबॉक्स विकली."

टूलबॉक्स म्हणाली ती.
माझ्या डोक्यात उमटलं, हत्यारांची पेटी.
आमच्यात सुताराचीही हत्यारंच असतात,
रंध्याला आणि तोफेला एकच शब्द पुरतो.
हे तिला कसं सांगायचं?
मी चहा टाकला.
गॅस पेटला, निळा, एकसारखा.

ती गेल्यावर लिहिलं, चारशे शेअर.
खोडून दोनशे केले. मग साठ.
भाजीवालीशी करतात तशी घासाघीस,
फक्त समोर कुणी नव्हतं.
साठ शेअरांत गॅसचा एक महिनाही निघत नाही,
एवढं गणित मला येतं.

गुरुवारच्या आत घेतले तरच या वेळचा लाभांश.
आज मंगळवार.
उद्या सहाला कीरन येईल,
त्याच्या परीक्षेत अपूर्णांक आहेत.

जुडी सोडली, देठ धुतले, गुलाबी, कोवळे.
रुबार्बचं पान विषारी असतं, फक्त देठ खातात,
हे मला या गावात डोरीननंच शिकवलं होतं.
पानं तिनं घरीच छाटली होती.
कुठे टाकते ती, विचारायचं राहिलं.